सही करण्याआधी रस्ता मोजा

पुण्याच्या पश्चिमेकडे, हायवेच्या अलीकडच्या एका उपनगरातून एका सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंचं पत्र आलं आहे. सोसायटी ६४ फ्लॅटची, अठरा वर्षांपूर्वीची. शेजारी दोन एकरांचा मोकळा प्लॉट. एका कोपऱ्यात गोठा, मधे चिंच, बाकी गवत. तो प्लॉट आता बिल्डरकडे विकसनाला गेला आहे. पत्र्याचं कुंपण लागलं आणि त्यावर बोर्ड चढला: २२ मजल्यांचे तीन टॉवर, २६४ फ्लॅट. समोर रस्ता एकच. कागदावर तो १२ मीटरचा आहे म्हणतात, पण डांबर कसंबसं सात मीटर, आणि त्यातही दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. रस्त्याच्या एका टोकाला शाळा, दुसऱ्या टोकाला चौक. सकाळी साडेआठला स्कूलबस वळायला लागली की मागे चौकापर्यंत रांग. "आत्ताच ही गत, मग अडीचशे घरांच्या गाड्या आल्यावर काय?" सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या दुसरा विषय नाही. चेअरमननी अर्ज टाइप करून ठेवला आहे, 'सदर प्रकल्पास परवानगी देऊ नये'. शिवाय कोर्टातून स्टे आणायचा म्हणून फ्लॅटमागे पाच हजार काढायचं घाटतं आहे. अर्जावर पहिली सही सेक्रेटरींची हवी.

सही अडली आहे ती अण्णांमुळे. प्लॉट अण्णांच्या कुटुंबाचा. सोसायटी उभी आहे ती जमीनही एके काळी त्यांचीच. अठरा वर्षं बाईंच्या घरी दूध त्याच गोठ्यातून येतं, आणि सुरुवातीच्या दोन उन्हाळ्यांत सोसायटीच्या टाक्या अण्णांच्या विहिरीवर भरल्या. अर्जाची कुणकुण लागली तेव्हा अण्णा भांडले नाहीत. दुधाचं माप पातेल्यात ओतता ओतता एवढंच म्हणाले, "ताई, तुमची बिल्डिंग झाली तेव्हा आम्ही कुणाची सही आणली होती का?"

"मला उत्तर सुचलं नाही," बाई लिहितात. "सही केली तर त्यांच्या पोटावर पाय, नाही केली तर सोसायटीशी बेइमानी. आणि ट्रॅफिकची भीती खोटी नाही हो. माझी नात त्याच रस्त्याने शाळेत चालत जाते. काय करू?"

ताई,

अण्णांच्या प्रश्नाला उत्तर नाही, ते शोधत बसू नका. त्यांनीही उत्तरासाठी विचारलेला नाही. तुमची भीती मात्र खरी आहे, म्हणून आधी तिच्याकडे बघू. अण्णांकडे शेवटी येऊ.

पहिली गोष्ट त्या अर्जाची. 'परवानगी देऊ नये' हे कोणाला सांगताय? आपल्याकडे अनेकांची अशी समजूत असते की शेजारी बिल्डिंग होणार असली की महापालिका शेजाऱ्यांना बोलावते, हरकती घेते, मग ठरवते. तसं होत नाही. हरकती मागवतात त्या शहराचा विकास आराखडा होताना, किंवा त्यात बदल करायचा असेल तेव्हा. आरक्षण उठवायचं असेल, रस्त्याची आखणी हलवायची असेल, तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली जाहीर सूचना निघते आणि एक महिन्याची मुदत मिळते. पण प्लॉट निवासी विभागात असेल आणि नकाशे नियमात बसत असतील, तर त्या एका बिल्डिंगसाठी तुमची-माझी संमती कुणी विचारत नाही. तुमच्या बिल्डिंगच्या वेळीही विचारली नव्हती, हे अण्णांना पक्कं माहीत आहे. नुसती गर्दी वाढेल एवढ्या कारणावर नियमात बसणारं काम कोर्टात थांबवणंही अवघड. ६४ गुणिले पाच हजार म्हणजे तीन लाख वीस हजार. एवढ्या पैशांत काय काय होतं ते पुढे सांगते.

दुसरी समजूत अशी की टॉवर झाले नाहीत तर तिथे चिंच आणि गोठाच राहील. तुमच्या भागात दोन एकर मोकळे राहत नाहीत, ताई. टॉवर नाही तर तिथे लग्नाचं लॉन्स होईल. लग्नसराईत, मुहूर्ताच्या दिवशी, संध्याकाळी सातला, वरातीच्या घोड्यासकट चारशे गाड्या एका तासात. त्यापेक्षा २६४ बिऱ्हाडं परवडली असं वाटायला लावणारी लॉन्स मी पाहिली आहेत. आणि ही बिऱ्हाडं इथे आली नाहीत तर कुठे जाणार? माण, मारुंजी, म्हाळुंगे. तिथून शहरात येताना त्यांच्या गाड्या तुमच्या चौकातूनच जाणार, फक्त लांबून येणार.

आता मोजायला बसू. 'प्रचंड ट्रॅफिक' हा शब्द अर्जात घालून उपयोग नसतो. अधिकारी दिवसाला असे दहा अर्ज वाचतो. आकडा मात्र त्याला बाजूला सारता येत नाही. शाळा चालू असताना, मंगळवार ते गुरुवार असे तीन दिवस, सकाळी साडेआठ ते साडेनऊ वही घेऊन तुमच्या गेटवर वॉचमनशेजारी बसा. बाहेर पडणाऱ्या कार किती, दुचाकी किती, एवढंच लिहा. दुसऱ्या कुणाला चौकात बसवा, रस्त्यावरून जाणारं सगळं मोजायला. मी एकदा आमच्या गल्लीत असं केलं होतं. दोघातिघांनी थांबून 'जनगणना सुरू झाली का?' असं विचारलं आणि समोरच्या आजींनी चहा पाठवला. पण तासाभरात कळलं की आमच्या गल्लीतून जाणाऱ्या गाड्यांत गल्लीतल्या गाड्या निम्म्यासुद्धा नव्हत्या. बाकीचे सगळे सिग्नल चुकवायला गल्ली पकडणारे.

समजा, तुमच्या ६४ घरांतून त्या तासात २० कार आणि २० दुचाकी निघाल्या. रस्त्याचे इंजिनिअर सगळ्या वाहनांचा हिशेब कारमध्ये करतात: एक कार म्हणजे एक, आणि दुचाकी बऱ्याच असतील तर एक दुचाकी म्हणजे पाऊण. म्हणजे तुमचे झाले ३५. त्याच हिशेबाने २६४ घरांचे साधारण १४४. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची शहरी रस्त्यांसाठी १९९० ची मार्गदर्शिका आहे. तिच्यात वस्तीतल्या वाहतूक गोळा करणाऱ्या दोन पदरी रस्त्याची क्षमता दोन्ही दिशा मिळून तासाला अशा ९०० कार धरली आहे. म्हणजे नवे १४४ हे काही रस्ता बुडवणारे नाहीत. अर्थात रस्ता खरोखर दोन पदरी असेल तर.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: 'दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या'. सात मीटर डांबरातून दोन्हीकडचे दोन-दोन मीटर गेले की उरतात तीन. तीन मीटरमध्ये स्कूलबस आणि समोरून आलेला टेम्पो यांची गाठ पडली की रांग चौकापर्यंत जाणारच, अण्णांनी प्लॉट विकसनाला दिला काय न दिला काय. मग त्या गाड्या कुणाच्या? ६४ फ्लॅटना किती पार्किंगं आहेत आणि आज सोसायटीत किती गाड्या आहेत, हे दोन आकडे सेक्रेटरी म्हणून तुमच्या रजिस्टरमध्येच असतील. चेअरमनसाहेबांची दुसरी गाडी कुठे उभी असते, हे मला माहीत नाही. ग्रुपवर विचारूनही पाहू नका. नुसतं बघून ठेवा.

आणखी एक अवघड गोष्ट. सोसायटीच्या जुन्या फाइलमधून तुमचा स्वतःचा मंजूर नकाशा काढा. त्यावर रस्त्याच्या बाजूला 'रस्ता रुंदीकरणाखालील क्षेत्र' अशी एक पट्टी आखलेली आहे का, ते पाहा. असेल तर विकास आराखड्यातली मध्यरेषा कुठून जाते ते विचारून घ्या आणि तुमची कंपाउंड वॉल त्या पट्टीच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते मोजा. पुष्कळ सोसायट्यांत त्या पट्टीवर बोगनवेल असते, गणपती मंदिराचा चौथरा असतो, नाहीतर व्हिजिटर पार्किंग. तुमच्याकडे तसं असेलच असं म्हणत नाही. पण असलं आणि ते समोरच्या पक्षाने आधी दाखवलं, तर तुमच्या अर्जाची किंमत तिथेच संपेल.

आता नव्या प्रकल्पाची कागदपत्रं. ही बोर्डावरच्या चित्रावरून समजत नाहीत. सुरुवात महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळापासून करा. विक्री सुरू करण्याआधी एवढ्या प्रकल्पाची नोंदणी तिथे बंधनकारक आहे. मंजूर नकाशे, फ्लॅटची संख्या, पार्किंग, पुरं करायची तारीख, सगळं घरबसल्या दिसतं. नोंदणीच नसेल तर काम अजून कच्चं आहे, तुमच्या हातात वेळ आहे. मग महापालिकेत जा. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अर्जाविना कागदपत्रं पाहू द्यावीत, असं राज्य सरकारचं परिपत्रक २०१८ मध्ये निघालं होतं. तिथे टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

नकाशात काय बघायचं? समोरच्या रस्त्याची रुंदी काय धरली आहे ते. आपल्या राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत किती बांधता येईल हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. नऊ मीटरच्या आतल्या रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क, चढवता येत नाही, आणि पुढे जसजसा रस्ता रुंद तसतसं बांधकाम जास्त. म्हणजे २२ मजले उभे आहेत ते कागदावरच्या रस्त्यावर, तुमची नात चालते त्या रस्त्यावर नव्हे. हा दोन रस्त्यांमधला फरक तुमच्या अर्जाचा गाभा व्हायला हवा. 'टॉवर नको' यापेक्षा 'ज्या १२ मीटरच्या भरवशावर टॉवर मंजूर होतात ते १२ मीटर आधी जागेवर दाखवा' हे कितीतरी भक्कम आहे, आणि त्यात अण्णांच्या पोटावर पायही येत नाही.

दोन एकरांत २६४ फ्लॅट म्हणजे एकूण बांधकाम २० हजार चौरस मीटरच्या वर जाणार हे जवळजवळ नक्की. मग २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. तिथेही या प्रकारच्या प्रकल्पांना जनसुनावणी नाही, आधीच सांगते, नाहीतर सगळे हॉल बुक करून बसाल. पण तो अर्ज केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर बघता येतो आणि त्यात वाहतुकीचा भाग असतो: गाड्या किती धरल्या, गेट कुठे, आत वळायला जागा किती. तुमची मोजणी त्याच्याशेजारी ठेवा. तफावत असेल तर राज्याच्या तज्ज्ञ समितीला लेखी कळवा. मंजुरी मिळाली की बिल्डरला सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. त्या मंजुरीविरुद्ध हरित लवादाकडे जायची मुदत तीस दिवस, सबळ कारण दाखवलं तर आणखी साठ. लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. तिथपर्यंत जावं असं मी सुचवत नाही, पण तारखा कुणीतरी कॅलेंडरवर लिहून ठेवल्या पाहिजेत.

आणि एका गोष्टीकडे तुमच्या ग्रुपवर कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. ती म्हणजे टँकर. २६४ घरं, घरटी पाच माणसं, माणशी रोज १३५ लिटर: १ लाख ७८ हजार लिटर. फ्लशला प्रक्रिया केलेलं पाणी वापरलं तरी १ लाख १८ हजारांच्या घरात ताजं पाणी लागणार. महापालिकेची लाइन पुरी पडली नाही तर दहा हजार लिटरचे बारा टँकर रोज. येताना बारा, जाताना बारा, आणि ते पहाटेपासून रिव्हर्स घेत पीं-पीं करत. कारच्या हिशेबात हा टँकर कुठेच धरलेला नसतो. नात चालत जाते ना? मग मला कारपेक्षा टँकरची भीती वाटते. तेव्हा पाण्याची लाइन कधी येणार, आणि तोवर पाणी पुरवायचं हमीपत्र बिल्डरने दिलं आहे का, हे वाहतुकीच्या अर्जातच विचारा.

इमारत झाल्यावरचं सोडा, ती होईपर्यंतची तीन-चार वर्षं जास्त वाईट असतात. खोदाईचे डंपर, काँक्रीटचे मिक्सर, रस्त्यावर सांडलेली खडी, त्यावरून घसरणाऱ्या दुचाकी. इथे मात्र मागून मिळण्यासारखं पुष्कळ आहे. शाळा भरताना आणि सुटताना अवजड वाहन आत-बाहेर नाही. गेटवर शिटी आणि झेंडी घेतलेला माणूस. बाहेर पडणाऱ्या डंपरची चाकं धुवायची सोय, सांडलेला राडारोडा त्याच दिवशी उचलायचा. रात्री १० ते सकाळी ६ आवाज करणारी यंत्रं बंद. हा शेवटचा तर मेहेरबानीचा भाग नाही, ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतच आहे. अवजड वाहनांच्या वेळांसाठी वाहतूक पोलिसांनाही वेगळं पत्र द्या. आदेश काढायचा अधिकार त्यांचा आहे, बिल्डरचा नाही.

गेटचं मात्र आत्ताच बोला. गेट चौकापासून शक्य तितकं लांब, आणि सिक्युरिटीचा दांडा रस्त्यालगत नको, वीस मीटर आत. नव्या सोसायट्यांमध्ये प्रत्येक पाहुण्याला, प्रत्येक डिलिव्हरीवाल्याला गेटवर थांबवून ॲपवर विचारतात. दांडा रस्त्यालगत असला की ती रांग तुमच्या रस्त्यावर उभी राहते. वीस मीटर आत असला तर चार गाड्या आत मावतात. नकाशा अजून बदलता येण्याजोगा असताना याला फारसा खर्च येत नाही. बांधून झाल्यावर कुणी हलवत नाही.

आणि सगळ्यात आधी रस्त्याची पट्टी. अण्णांच्या प्लॉटमधून रुंदीकरणात जाणारी जागा महापालिकेच्या ताब्यात देऊन, फूटपाथसकट करून, मगच खोदाई सुरू व्हावी. टॉवर झाल्यावर नव्हे. फूटपाथ चालायला मोकळा १.८ मीटर हवा असा निकष आहे. त्यात झाड, डीपी बॉक्स, पाणीपुरीची गाडी धरायची नाही.

तुमचा जिल्हा वेगळा असेल, म्हणजे हे वाचणारे बाकीचे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर वगैरे, तर नियमावली बहुतेक ठिकाणी हीच आहे. मुंबईची वेगळी. गावठाणालगत, महापालिकेच्या हद्दीबाहेर राहत असाल तर परवानगी देणारं कार्यालय कोणतं हे आधी शोधा, कारण ग्रामपंचायतीला पाठवलेलं पत्र पुष्कळदा ग्रामपंचायतीतच राहतं. मोजणी मात्र सगळीकडे सारखीच करायची. एक दिवस पुरत नाही, तीन दिवस करा, आणि दिवाळीच्या सुट्टीत करू नका.

आता सही. चेअरमननी टाइप केलेल्या अर्जावर करू नका. नुसतं 'नाही' म्हटलंत तर बेइमानी होईल हे खरं, म्हणून रिकाम्या हाताने नाही म्हणू नका. सर्वसाधारण सभेत दुसरा अर्ज घेऊन जा, मोजलेल्या आकड्यांचा, वरच्या मागण्यांचा, आणि त्यावर पहिली सही करूनच जा. सभेत ठरवायची आणखी एक गोष्ट, तुमच्या सोसायटीच्या रस्त्यावरच्या गाड्या. एका बाजूला सम-विषम तारखेचं पार्किंग करून घ्यायला तुम्ही तयार आहात, असं अर्जातच लिहिलंत तर वाहतूक पोलीस तुमचं पत्र वेगळ्या डोळ्यांनी वाचतील. काहीजण ओरडतील. सेक्रेटरीला ते नवं नसतं. त्या तीन लाख वीस हजारांतून एखाद्या वाहतूक नियोजनकाराकडून रीतसर पाहणी करून घेतलीत आणि नगररचनेच्या कामात मुरलेल्या वकिलाला एकदा कागद दाखवलेत, तरी बरेच पैसे उरतील.

आणि अण्णा. तुम्ही त्यांना विरोधी पक्ष समजून बसलात, हीच मला तुमच्या पत्रातली खरी अडचण वाटते. विकसन करार असेल तर बहुधा त्यांना पैशांबरोबर फ्लॅटही मिळणार आहेत. त्यांची मुलं, सुना, नातवंडं त्याच रस्त्यावर राहायला येणार, त्याच शाळेत जाणार, बारा टँकर त्यांच्याही दारात वाजणार. बिल्डर सोसायटीच्या पत्राला उत्तर देईल न देईल. जमीनमालकाला टाळणं त्याला जमत नाही. गेट कुठे, पट्टी कधी, डंपर किती वाजता, हे करार अजून ओला असताना अण्णांनी म्हटलं तर ते होण्याची शक्यता तुमच्या ६४ सह्यांपेक्षा जास्त आहे. तेव्हा अर्ज महापालिकेत देण्याआधी त्यांना वाचून दाखवा. दूध घालायला येतील तेव्हा दारात नको, संध्याकाळी गोठ्यावर जा. ते कदाचित आधी ऐकणार नाहीत, तुमच्या चेअरमनबद्दल दोन शब्द बोलतील, ते ऐकून घ्या.

जाताना तीस मीटरचा टेप बरोबर न्या, प्लंबरकडे असतो. रस्ता मोजायला दुसरं टोक धरणारा माणूस लागतोच. ते अण्णांच्या हातात द्या.